मक्याचे खोड वाचविणारी बुरशी : जिवंत मालाचा धंदा आणि दुकानदाराची जबाबदारी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर चढणाऱ्या सुती ताण्याला सायझिंगमध्ये जी खळ दिली जाते, तिच्यात मक्याचा स्टार्च असतो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भाग मक्याचा असतो. चिवडेवाल्याचे मक्याचे पोहे, तबेल्यातील जनावरांचा हिरवा चारा आणि पावसाळ्यात कोपऱ्यावर उभी राहणारी भुट्ट्याची गाडी, हे सर्व मक्याच्याच भरवशावर चालते. आपल्यापैकी ज्याने आयुष्यात कधी नांगर हाती धरला नाही, त्याचीही रोजी कोठे ना कोठे मक्याच्या शेताशी बांधलेली आहे.

गेल्या काही वर्षांत मक्याची मागणी फार वाढली. इथेनॉलच्या कारखान्यांनी मका उचलण्यास सुरुवात केली आणि २०२४ मध्ये देशाला मका बाहेरून आणावा लागला. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला. सिल्लोड, येवला, लासलगाव, मालेगाव या बाजार समित्यांत मक्याची मोठी आवक असते. अशा वेळी पीक कणीस भरण्याच्या सुमारास आडवे पडले, तर नुकसान केवळ शेतकऱ्याचे होत नाही. अडत्याचा काटा रिकामा राहतो, पोल्ट्रीवाल्याचे खाद्य महागते आणि उधारीवर बी-खत देणाऱ्या दुकानदाराची वसुली अडकते.

पीक आडवे पाडणाऱ्या रोगांवर एक स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे 'ट्रायकोडर्मा' नावाची मित्र बुरशी. कृषी सेवा केंद्रांत तिची पाकिटे बऱ्याच वर्षांपासून विकली जातात. मात्र ती नीट विकणारे दुकानदार थोडे आहेत. ही बुरशी काम कशी करते आणि तिच्या व्यापारात कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती व्यापारी व होतकरू तरुणांना व्हावी, यासाठी हा लेख.

मक्याचे खोड का कुजते?

मक्याचे काही घातक रोग जमिनीतून येतात. त्यांत खोडकुज हा प्रमुख. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत शेत हिरवेगार दिसते. तुरा आला, कणीस धरले की झाड एकाएकी वाळू लागते आणि वारा सुटला की खालच्या पेरात मोडून पडते. खोड उभे चिरून पाहिले तर रोग ओळखता येतो. आतला भुसा गुलाबी-तांबूस झाला असेल, तर ते बहुधा फ्युसॅरियम या बुरशीचे काम असते. आतला गर सुटून नुसते धागे उरले असतील आणि त्यांवर काजळीसारखे बारीक काळे कण दिसत असतील, तर ती मॅक्रोफोमिना बुरशीची कोळशी कुज समजावी. फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण पडला आणि जमीन तापली की ही दुसरी कुज बळावते. याच सुमारास येणारी 'उशिराची मर' ही तिसरी आफत. तीही जमिनीतल्या बुरशीचीच आहे.

या बुरशींचे कण मातीत व जुन्या धसकटांत वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्याच शेतात पुन्हा मका घेतला की ते मुळातून आत शिरतात. झाड वाळल्यावर वरून कितीही फवारणी केली तरी ती मुळाशी पोचत नाही. शेतकरी दुकानात येऊन 'काहीतरी जोरदार द्या' म्हणतो, दुकानदार महागडी बाटली देतो आणि दोघांचाही पैसा पाण्यात जातो. या रोगाचा बंदोबस्त पेरणीच्या वेळी, जमिनीतच करावा लागतो.

मित्र बुरशी काम कशी करते?

ट्रायकोडर्मा ही मातीत जागोजागी आढळणारी बुरशी आहे. १७९४ साली पर्सून या शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. पण तिचा खरा गुण उजेडात आला तो १९३२ साली. अमेरिकेत काम करणाऱ्या वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की ही बुरशी मातीतल्या दुसऱ्या बुरशींवर जगते.

तिची काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. शत्रू बुरशीचा धागा भेटला की ती त्याभोवती वेलीसारखी वेटोळे घालते, त्याची भिंत विरघळविणारे पाचक रस सोडते आणि आतला रस शोषून घेते. दुसरे असे की ती फार वेगाने वाढते. मुळाभोवतालची जागा व अन्न ती आधीच ताब्यात घेते आणि मागून येणाऱ्या शत्रूला तेथे थारा मिळत नाही. काही जाती शत्रूला मारक द्रव्येही सोडतात.

चौथी गोष्ट अलीकडच्या संशोधनातून पुढे आली आणि तिच्यात मक्याचा मोठा वाटा आहे. ट्रायकोडर्मा मुळाच्या वरच्या थरात शिरते, पण मुळाला इजा करीत नाही. तिच्या या शिरकावाने झाड सावध होते आणि त्याची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जागी होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गॅरी हारमन यांनी 'टी-२२' या ट्रायकोडर्माच्या वाणावर बरीच वर्षे काम केले. २००४ साली त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की बुरशी फक्त मुळावर असतानाही मक्याच्या पानांवरचा रोग कमी झाला. पुढे २००७ साली अमेरिकेतल्याच शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्माच्या दुसऱ्या एका जातीतून असे प्रथिन शोधले, जे मक्याला हा सावधानतेचा इशारा देते. आपल्याकडे म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी ट्रायकोडर्माच्या साहाय्याने मक्यातील फ्युसॅरियम व त्याचे विष कमी झाल्याची नोंद २०१० साली केली.

मात्र हारमन यांनी हेही नोंदवून ठेवले आहे की मक्याच्या बहुतेक वाणांना टी-२२ मानवली, तरी काही थोड्या वाणांत फायदा झाला नाही, उलट उत्पन्न घटले. म्हणून 'हमखास इतके पोते वाढेल' असे वचन कोणत्याही दुकानदाराने देऊ नये.

शेतात वापरायचे कसे?

साधी रीत अशी की एक किलो बियाण्याला ४ ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर चोळून, बी सावलीत सुकवून पेरावे. मक्याच्या बाबतीत मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती दुकानदाराला माहीत असलीच पाहिजे. बाजारातील संकरित मक्याचे बी बहुधा रंग लावलेले येते. त्या रंगाबरोबर बुरशीनाशक असते आणि आता बरेचदा कीटकनाशकही असते. थायरम, कॅप्टन, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशके शत्रू-मित्र ओळखत नाहीत. अशा बियाण्यावर मित्र बुरशी चोळणे म्हणजे दिवा लावून लगेच फुंकर घालणे होय.

म्हणून संकरित बियाण्यासाठी शेणखताची रीत बरी. १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळावा. ढिगावर पाणी शिंपडून तो ओलसर ठेवावा आणि सावलीत प्लास्टिक किंवा गोणपाटाने झाकावा. दर ३-४ दिवसांनी ढीग वरखाली करावा. आठ-दहा दिवसांत खतात बुरशी भरपूर वाढते. असे खत पेरणीच्या वेळी ओल असलेल्या सरीत द्यावे. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर नुसती पावडर फेकली तर ती बहुतांशी मरते. ओल आणि सेंद्रिय खत हेच तिचे अन्नपाणी.

खत ताजे नसावे, कुजलेलेच असावे. तबेलेवाल्या बांधवांना येथे जोडधंद्याची सोय आहे. शेण उकिरड्यावर फेकण्यापेक्षा नीट कुजवून ठेवले, तर जून महिन्यात त्याला घरबसल्या गिऱ्हाईक मिळते.

दुकानात ठेवायचा माल जिवंत आहे

आता व्यापाराचा मुख्य मुद्दा. युरियाची गोणी वर्षभर पडून राहिली तरी तिचा युरियाच राहतो. ट्रायकोडर्माचे तसे नाही. पाकिटात शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पांढुरकी-हिरवट भुकटी असते आणि तिच्यात बुरशीचे कोट्यवधी जिवंत कण असतात. नियमानुसार एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत कण असले पाहिजेत. दिवस जातील, उष्णता वाढेल तसतसे हे कण मरत जातात. टाल्कमधील माल ४ महिन्यांत वापरावा, असा तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा सल्ला आहे.

आणि खरी मेख ही की मेलेली पावडर व जिवंत पावडर डोळ्यांना सारखीच दिसते. रंग तोच, वास तोच, वजन तेच. गिऱ्हाईक फसले तर त्याला ते ऑक्टोबरपर्यंत कळत नाही, आणि कळले तरी दोष पावसाला दिला जातो. वजनमापात खोट केली तर काटा बोलतो. येथे काटाही बोलत नाही. अशा मालात दुकानदाराची इमानदारी हेच गिऱ्हाइकाचे एकमेव संरक्षण असते.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. खरेदी करताना पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, उत्पादनाचा परवाना क्रमांक, बुरशीचे पूर्ण नाव, जिवंत कणांची संख्या, बॅच नंबर, तयार केल्याची व मुदतीची तारीख पाहावी. यातील एकही गोष्ट नसेल तर माल परत करावा.

२. मार्च महिन्यात 'स्कीम'मध्ये स्वस्त मिळतो म्हणून माल भरू नये. एप्रिल-मेच्या उन्हात खानदेश-मराठवाड्यात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या गुदामात त्याहूनही जास्त. स्कीमचा फायदा तेथेच जळून जातो. पेरणी जवळ आली की ताजी बॅच मागवावी.

३. पाकिटे सावलीच्या, थंड व कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावीत. रासायनिक बुरशीनाशकांच्या फळीवर ठेवू नयेत.

४. आधी आलेला माल आधी विकावा. मुदत संपलेले पाकीट 'चालून जाईल' म्हणून देऊ नये.

५. नव्या बॅचमधील चिमूटभर पावडर उकडून गार केलेल्या ज्वारीवर, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत टाकून पाहावी. चार-पाच दिवसांत आधी पांढरी आणि मग गर्द हिरवी बुरशी धरली तर मालात जीव आहे, असा अंदाज येतो. हा केवळ अंदाज आहे. दुसऱ्या बुरशीही हिरव्या दिसतात. खरी मोजणी प्रयोगशाळेतच होते. मोठा माल घ्यायचा असेल तर कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे चौकशी करावी.

गिऱ्हाइकाला काय सांगावे, काय सांगू नये

ट्रायकोडर्मा रोग येऊ नये म्हणून आहे, आलेला रोग बरा करण्यासाठी नाही. झाडे वाळू लागल्यावर आलेल्या शेतकऱ्याला हे पाकीट विकणे म्हणजे त्याच्या अडचणीवर कमाई करणे होय. त्याला पाणी देण्याचा आणि पुढील वर्षी पीक बदलण्याचा सल्ला द्यावा.

२०१८ पासून मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली आहे. ती अळी आहे, बुरशी नव्हे. तिच्यावर ट्रायकोडर्मा चालत नाही. 'सर्व रोगांवर एकच रामबाण' म्हणून हे पाकीट खपविणारे काही विक्रेते आढळतात. त्यांच्या नादी लागू नये.

शेतात ट्रायकोडर्मा दिला असेल तर त्याच जागी काही दिवस रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करू नये. पावडर हाताळताना तोंडाला फडके बांधावे. दम्याच्या किंवा अशक्त माणसाने हे काम टाळलेले बरे. आणखी एक इशारा अळिंबीचा, म्हणजे मशरूमचा, धंदा करणाऱ्यांसाठी आहे. अळिंबीही बुरशीच आहे आणि ट्रायकोडर्मा तिलाही सोडत नाही. अळिंबीच्या शेडजवळ ही पाकिटे चुकूनही ठेवू नयेत.

कारखाना काढता येईल काय?

तरुणांचा हा प्रश्न हमखास असतो. बनविण्याची कृती अवघड नाही. मळी व यीस्टच्या उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्यात बुरशीचे शुद्ध विरजण घालून सुमारे दहा दिवस वाढविले जाते. मग ते दुप्पट टाल्कमध्ये कालवून सावलीत सुकवतात. ओलावा ८ टक्क्यांवर आला की थोडे चिकट द्रव्य मिसळून पॅकिंग करतात. सर्व कसब स्वच्छतेत आहे. एक परकी बुरशी आत शिरली तर सारी बॅच वाया जाते. त्यासाठी ऑटोक्लेव्ह, जंतुमुक्त हवेची पेटी आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला माणूस लागतो.

कायद्याची बाजू मात्र जड आहे. ट्रायकोडर्मा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो. उत्पादनासाठी केंद्रीय मंडळाची नोंदणी आणि राज्याचा परवाना दोन्ही लागतात. त्यासाठी बुरशीच्या वाणाची व चाचण्यांची कागदपत्रे द्यावी लागतात. घरात बनवून बिनपरवाना विकणे गुन्हा आहे. विक्रीसाठीही परवाना लागतो आणि त्यासाठी दुकानदाराकडे शेती किंवा विज्ञानाची ठरलेली पदवी वा पदविका असावी लागते. हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. दुकान सांभाळून ती करता येते. घरात एखादा मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. करीत असेल, तर पुढे सूक्ष्मजीवशास्त्राची वाट धरण्यास हरकत नाही. या धंद्यात भांडवलापेक्षा ज्ञानाची किंमत जास्त आहे.

म्हणून सुरुवात कारखान्यापासून करू नये. प्रथम परवाना काढून विक्री करावी, पंचक्रोशीत गिऱ्हाईक बांधावे आणि दोन-तीन हंगामांनंतर उत्पादनाचा विचार करावा. ट्रायकोडर्मा बनविणाऱ्या कृषी विद्यापीठांत व कृषी विज्ञान केंद्रांत जाऊन काम डोळ्यांनी पाहावे. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था अशा जैविक मालाचे तंत्र उद्योजकांना देते.

कपड्याच्या धंद्यातील वाचकांसाठी एक माहिती. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. ते कुजविणारी बुरशी ट्रायकोडर्माचीच एक जात निघाली. आज त्याच जातीपासून काढलेले एन्झाइम जीन्सला 'स्टोनवॉश' देण्यासाठी व सुती कापडावरची लव काढण्यासाठी वापरतात. शेतात खोड वाचविणारी आणि लॉन्ड्रीत जीन्सला उतार देणारी बुरशी एकाच घराण्याची आहे.

धान्याच्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे

शेतातला रोग शेतातच संपत नाही. खोड कुजविणारे फ्युसॅरियम कणसातही शिरते आणि दाण्यात विष सोडते. ओल्या दाण्यावर वाढणारी अस्पर्जिलस बुरशी त्याहून घातक. तिचे अफलाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. मरणारे बहुतेक गरीब आदिवासी होते. घरातला खराब मका फेकून देण्याची त्यांची ऐपत नव्हती.

आफ्रिकेत यावरही मित्र बुरशीचाच उपाय निघाला आहे. नायजेरियात २०१४ साली 'अफलासेफ' या मालाची नोंदणी झाली. त्यात विष न बनविणाऱ्या त्याच जातीच्या बुरशी असतात. मका फुलोऱ्यात येण्याआधी दोन-तीन आठवडे त्या शेतात टाकल्या की त्या विषारी भाईबंदांची जागा बळकावतात. असा सुरक्षित मका घेणाऱ्या तेथील कोंबडी खाद्याच्या कारखान्यांनी शेतकऱ्याला जादा भाव देऊ केला.

शेतात कोणतीही बुरशी वापरली तरी दाणा वाळविण्याला पर्याय नाही. ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मका पोत्यात भरू नये. ओला मका भरल्याने वजन चार दिवस जास्त दिसते, पण पुढे पोत्यात जे तयार होते ते कोंबडीच्या आणि शेवटी माणसाच्या पोटात जाते. आर्द्रतामापक यंत्र आता लहान अडत्यालाही परवडते. ते काट्याशेजारी असलेच पाहिजे.

मित्र बुरशीच्या पाकिटावर नफा फार नाही. पण ज्याच्या दुकानातून नेलेल्या पाकिटाने खोड उभे राहिले, त्या दुकानात शेतकरी पुढच्या वर्षी बी, खत, पाइप सर्व घेण्यासाठी येतो आणि सोबत शेजाऱ्यालाही आणतो. मेलेली पावडर एकदाच विकता येते. येत्या हंगामात ज्यांना हा माल ठेवायचा आहे, त्यांनी मे महिन्यापूर्वी परवान्याची कागदपत्रे तपासून घ्यावीत, थंड खोलीची सोय करावी आणि पहिल्या वर्षी ओळखीच्या चार-पाच शेतकऱ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या शेतात खताबरोबर वापर करवून फरक स्वतः पाहावा. उरलेले अर्धे शेत शेजारीच असेल. फुलोऱ्यानंतर दोन्हीकडची चार-चार खोडे चिरून पाहावीत आणि मगच दुकानात मोठा माल भरावा.